कागदावर चालणारं रक्त

इंदोरा, नागपूर
६ नोव्हेंबर १९७७

सिंधूवहिनींना प्रेमिलाचा सप्रेम जय भीम.

अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालायचं असेल तर घाला, पण आधी वाचा. चुलीला काही घाई नसते.

तुमचा लहानगा धम्मू गेला, आणि महिन्याभरात तुम्ही सुजाताला घेऊन पारशिवनीला माहेरी गेलात. त्याला दीड वर्ष झालं. तुमची नणंद म्हणून मी एकदा तरी विचारपूस करावी असं तुम्हाला वाटलं असेल, किंवा वाटलंही नसेल. आज लिहिते आहे ते आईनं किंवा दादानं सांगितलं म्हणून नाही. त्या दोघांना या पत्राचा पत्ताही नाही.

झालं असं की मेडिकलच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉ. बेलसरे बाई आमच्या कॉलेजात आल्या. रक्त तपासणं हे त्यांचं काम. मी पोरींना फिजिक्सचं प्रॅक्टिकल देत होते, तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, मला विजेच्या जोरावर रक्त कागदावरून चालवायचंय. त्याचं यंत्र बाहेरदेशातून मागवायचं तर कधी येईल त्याचा नेम नाही, तुम्हाला आणि तुमच्या मुलींना बनवता येईल का? मला वाटलं बाई थट्टा करताहेत. मग त्या मला मेडिकलला घेऊन गेल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावा म्हणाल्या.

वहिनी, काय सांगू तुम्हाला. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात हे मी शाळेपासून घोकलेलं. तिथे एका पेशंटच्या रक्तातही त्या गोलच होत्या. बाईंनी काचेवर औषधाचा थेंब सोडला, वरून झाकण लावलं, आणि थोड्या वेळानं त्यातली एक पेशी लांबट झाली, वाकली आणि तिला दोन्हीकडून टोकं आली. मग दुसरी. मग बघता बघता सगळा कापणीच्या विळ्यांचा ढीग. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

असे विळे बारीक नसांत अडकले की रक्त पुढे जात नाही, आणि मग माणसाचं हाड न् हाड ठणकतं, असं बाई सांगत होत्या. थंडीत जास्त, तापात जास्त. तान्ह्या मुलांचे पंजे सुजतात, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त राहत नाही.

मी ऐकत होते आणि मला धम्मूचे पंजे दिसत होते. फुगलेल्या पुरीसारखे झाले होते, आठवतं ना? कोणी वात म्हटलं, कोणी कावीळ म्हटलं. आणि आमच्या आईनं काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. थंडी पडली की सुजाताचे गुडघे दुखतात का? डोळे पिवळे दिसतात का? दिसत असतील तर तिला घेऊन मेडिकलला या. आमच्या घरी पाऊल टाकू नका, मी स्टँडवर येईन. हा आजार मुळासकट जात नाही, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलंय. पण ओळखला तर पोर सांभाळता येतं. तापाला त्याच दिवशी औषध, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, गरज पडली तर रक्त देणं. धम्मूच्या वेळी आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तुमची,
प्रेमिला


२७ नोव्हेंबर १९७७

सिंधूवहिनी, जय भीम.

तुमचं पत्र आलं नाही, तुमचे वडील आले. मी वर्गात असताना शालिकराममामा व्हरांड्यात फेट्यासकट उकिडवे बसलेले दिसले आणि माझा खडू हातातून पडला. मला वाटलं, सुजाताचं काही बरंवाईट. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मी तो विसरू नये म्हणून दोनदा सांगितला.

“सिंधू म्हनते, माह्या रक्ताले नाव ठिवून मले वाटेले लावलं. आता आधी त्यायचं रक्त पाहा. मंगच मी पोट्टी आनतो.”

सुजाताला थंडी सुरू झाल्यापासून रडू आवरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

वहिनी, तुमची अट मला पटली. रागावले असते तर बरं झालं असतं, पण पटली. नुसते विळे दिसून भागत नाही. रक्तात तो दोष एका बाजूनं आलाय की दोन्ही बाजूंनी, हे सांगायला कागदाचीच तपासणी लागते. आणि कागद बोलेल तो सगळ्यांसाठी सारखाच बोलेल. तेव्हा यंत्र आधी तयार व्हायला पाहिजे.

ते होत आलंय. गांधीबागेच्या बाजारातून प्लास्टिकचे दोन डबे आणले, त्यांत क्षारांचं पाणी, वर काचेची पट्टी, तिच्यावर गाळायच्या कागदाची फीत, फितीची दोन टोकं दोन डब्यांत. एवढंच. पोरी म्हणतात, मॅडम, हे तर भातुकलीसारखं दिसतं. पण वीज एकाच दिशेनं वाहणारी हवी. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे करते. तिच्यावर रक्त ठेवलं तर ते आपल्या घरातल्या माणसांसारखं जागच्या जागी तडफडत राहील, जाणार कुठेच नाही.

पहिल्या काही फितींवर सगळा ठिपका विस्कटला. मी घरी चिडून म्हटलं, कोराडीहून येणारी वीजच धड नाही. तर दादा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. वीजकेंद्रात नोकरीला आहे ना, लागलं त्याला. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मीटर घेऊन कॉलेजात हजर. सुई नाचताना त्यानं स्वतः पाहिली. अंगण खरंच वाकडं निघालं.

मग गडी पेटला. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, कुठून कुठून गोळा केलेले कंडेन्सर, असं सगळं जोडून त्यानं एक काळी पेटी बनवली. बाहेर वीज कितीही नाचो, पेटीतून निघते ती सरळ आणि शांत. माझ्या पोरींना त्यानं ती उघडून दाखवली. वर्षभर मी फळ्यावर जे काढून दमले ते त्यांना त्या दुपारी कळलं. मी दादाला असा पाहिला नव्हता बऱ्याच दिवसांत.

पेटी कशासाठी आहे हे मी त्याला शेवटी सांगितलं. तो स्क्रू घट्ट करत बसला. पेटी मात्र परत मागितली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. पारशिवनीच्या बसच्या वेळा त्याला पाठ आहेत. कशा, म्हटलं, तर म्हणाला, स्टँडवर बोर्ड असते.

प्रेमिला


११ डिसेंबर १९७७

सिंधूवहिनी, जय भीम.

रक्त चाललं.

सकाळी एका फितीवर माझ्या रक्ताचा ठिपका ठेवला, शेजारच्या फितीवर मेडिकलच्या एका पेशंटचा. पेटीचं बटण दाबलं. काहीच होईना. पोरी आधी श्वास रोखून उभ्या होत्या, मग कुजबुजू लागल्या, मग एकीनं डबा उघडला. मीही वह्या तपासायला घेतल्या. बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी जवळ येऊन म्हणाली, “मॅडम, ठिपका जागेवर नाही.”

नव्हताच. ज्वारीच्या दाण्याएवढा पुढे सरकला होता. कोणी ढकललं नाही, कोणी हात लावला नाही, आणि माझं रक्त धन टोकाकडे निघालं होतं. मी इतकी वर्षं पोरींना शिकवते की ऋण भार धन टोकाकडे ओढला जातो. शिकवत होते, पण माझा स्वतःचा विश्वास त्या दिवशी बसला. दुपारपर्यंत दोन्ही फितींतला फरक उघड दिसायला लागला. पेशंटचा ठिपका मागे पडला होता. संध्याकाळी डॉ. बेलसरे आल्या, त्यांनी फिती वाळवून रंगात बुडवल्या, धुतल्या, आणि निळ्या रेघा उमटल्या. माझी एक, पुढे. त्या पेशंटची एक, मागे.

बाईंनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. रक्ताचा लाल रंग ज्याचा, तो पदार्थ म्हणजे मण्यांची माळच. शेकडो मणी, ठरलेल्या क्रमानं ओवलेले. हा आजार म्हणजे त्या माळेत फक्त एक मणी बदललेला. त्या बदललेल्या मण्याला विजेचा भार नाही, म्हणून ती माळ कागदावर मागे पडते. वहिनी, एक मणी! त्या एका मण्यापायी पेशीचा विळा होतो, लेकराचे पंजे सुजतात आणि एक बाई लेकरू कडेवर घेऊन माहेरी जाते. आणि तोच मणी गांधीबागेतल्या डब्यांत आणि रेडिओच्या भंगारात सापडतो. मी त्या दिवशी घरी पायी गेले. रिक्षात बसून एवढं मनात मावलं नसतं.

आता वाईट ते. घरी मी आनंदात सांगून बसले की माझ्या रक्तात दोष नाही. झालं. आईनं गल्लीत साखर वाटली. आमच्या घराचं रक्त चोख निघालं, आता कळलं ना खोट कुठची, असं दारोदार सांगून आली. मी डोकं बडवून घेतलं. तिला म्हटलं, अगं, प्रत्येक मुलाला एक माळ आईकडून मिळते, एक बापाकडून. मला दोन्ही चांगल्या मिळाल्या असतील, म्हणून दादालाही मिळाल्या असं होतं का? शितावरून भाताची परीक्षा होते, बहिणीवरून भावाची होत नाही. पण ऐकतं कोण.

दादाला तर आयतं निमित्त मिळालं. “मले काय झालं? बैलावानी धडधाकट हावो मी. माहं काहून पाहता?” मी सांगितलं की एकच वाईट माळ असली तर माणूस धडधाकटच असतो, दोन आल्या तरच आजार होतो. त्यावर तो उठून गेला. स्वतः बनवलेल्या पेटीला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आमच्या आईचं मला नवल वाटतं. छप्पन साली मला बोटाला धरून ती दीक्षेला गेली. घरातले सगळे देव नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञा अजून तोंडपाठ आहेत. पण ‘पांढरा पाय’ नावाचा एक देव तिनं कुठे लपवून ठेवला होता कोण जाणे.

तुमची अट अजून पुरी झालेली नाही. मला राग येतोय आणि भीतीही वाटते. थंडी वाढते आहे.

प्रेमिला


२ जानेवारी १९७८

सिंधूवहिनी, जय भीम.

शालिकराममामांचं कार्ड मिळालं. सुजाताला ताप आहे, गुडघे सुजलेत आणि रात्री ती तुमच्या छातीवर झोपते, एवढंच त्यात होतं. डॉ. बेलसरेंकडून औषधं घेऊन सकाळच्याच बसनं कंडक्टरबरोबर पाठवली, मिळाली असतील. पाणी सारखं पाजा. पाय गरम कपड्यात ठेवा, बर्फाचं किंवा गार पाण्याचं फडकं सांध्यांवर नको.

ते कार्ड मी घरात मोठ्यानं वाचलं. मुद्दाम वाचलं. दादा तसाच कोराडीला, ड्यूटीच्या खोलीवर निघून गेला. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

दुपारी आई कॉलेजात आली. माझा डबा घरी राहिला होता असं तिनं गेटवर सांगितलं. डबा माझ्या टेबलावर होता.

“मले दाखव ते यंत्र,” म्हणाली.

फितीवर एका पेशंटचं रक्त चाललं होतं. आई चष्मा नाही, काही नाही, काचेला नाक लावून पाहत बसली. विचारलं, हे आपल्या आपन जाऊन राहिलं? मी म्हटलं, हो, विजेच्या ओढीनं. बळीरामची पेटी ती कोनती? मी दादाची पेटी दाखवली. तिनं पेटीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझ्यापुढे बोट धरलं.

मी टोचलं. ती इकडे तिकडे बघत होती, हात मात्र हलला नाही.

वहिनी, दिवे लागेपर्यंत ती तिथेच बसून होती, आणि आईच्या दोन रेघा आल्या. एक पुढे, एक मागे. बाईंनी पाहिल्या आणि मान हलवली.

मी आईला कसं सांगावं या विचारात होते. तिनंच विचारलं, दोन म्हंजे काय? सांगितलं. तुझ्या एका माळेत तो मणी आहे, तुला काही होत नाही, पण लेकरांना जाऊ शकतो. ती बाकावर बसली. तुम्हाला ठाऊक असेल, दादाच्या आधी आईची दोन मुलं गेली होती. आमच्या घरात त्यांचा विषय निघत नाही. मला त्यांची नावंही माहीत नव्हती. आईनं त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा सांगितली. धर्मा आणि सुखदेव. दोघांचे पंजे सुजायचे.

“तुही आजी मले पांढऱ्या पायाची म्हने. लेकरं खाल्ली म्हने. म्या मानलं,” आई म्हणाली. मग दोन बोटं वर करून, “दोन माळा लागते म्हनलं ना तू? एक माही. मंग दुसरी?”

“दुसरी बाबांची, आई. त्याशिवाय आजार होतच नाही.”

आमचे बाबा चंपतराव, आता नाहीत, भला माणूस, तुम्ही पाहिलेत. आयुष्यात कधी आईला शब्दानं दुखवलं नाही, पण आजी बोलायची तेव्हा कधी तिच्या बाजूनंही बोलले नाहीत.

“एवढी वर्सं म्या एकटीनं वाह्यलं,” आई म्हणाली.

डॉ. बेलसरे तिच्याजवळ बसल्या. सांगू लागल्या की हा मणी शाप नाही. रानावनात, हिवतापानं गावंच्या गावं ओस पडायची तेव्हा ज्यांच्या एका माळेत हा मणी होता ती लहान पोरं तगली. त्यांच्याच लेकरांची लेकरं आपण. म्हणून तो आपल्याकडे टिकून राहिला. मी फिजिक्सची बाई, मला हे ठाऊक नव्हतं. ज्यानं आपले वाडवडील जगवले त्यानंच धम्मूला नेलं, हे एकाच वेळी खरं कसं असू शकतं? पण आहे. आई मात्र बाईंना म्हणाली, “बरं झालं सांगतलं. पन सांगाले लई वेळ लावला तुमी लोकायनं.”

जाताना डबा घेऊन गेली. मी उपाशी.

प्रेमिला


८ जानेवारी १९७८

सिंधूवहिनी, जय भीम.

ताप उतरल्याचं कळलं. मी आनंदानं दोन तास चुकीचे शिकवले.

आई गुरुवारी एकटी कोराडीला गेली. जन्मात कधी एकटी बसमध्ये बसली नव्हती. कॉलनीत दारोदार विचारत दादाच्या खोलीवर पोचली. तिथे काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. मला एवढंच माहीत आहे की शुक्रवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आत दादा पायरीवर बसलेला होता, अंगावर राखेचे डाग असलेला ड्यूटीचा शर्ट, आणि शेजारी आई, पहाऱ्यावर बसल्यासारखी.

बटण त्यानं स्वतः दाबलं. मग जागचा उठला नाही. पोरी आल्या, तास झाले, घंटा झाल्या, तो त्या काचेसमोर. दुपारी ठिपका रुंदावला. मग मध्ये फट पडली. दादा दिवसभर कोळसा जाळून वीज बनवतो, ती तारांवरून खांबांवरून नागपुरात येते, त्याच्याच पेटीतून शांत होऊन त्याच्याच रक्तातून जाते आणि त्याचे आई-बाप वेगळे करून दाखवते. वहिनी, मी रडले. पोरींसमोर रडले. काही म्हणोत.

रंग दिल्यावर दोन रेघा. एक पुढे, एक मागे.

दादानं मागच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मागची माही, तशीच एक तिची. धम्मूले आमी दोघायनं दिली.”

मी म्हटलं, हो.

“तिनं एकटीनं नाही.”

“नाही, दादा.”

त्यानं पेटी बंद केली, गरम होती म्हणून तिच्यावरचं फडकं काढलं, आणि घडी घालत तिथेच उभा राहिला. घडी काही संपेना. शेवटी मी त्याच्या हातून फडकं घेतलं.

तुमची अट पुरी झाली. त्याचं रक्त आधी पाहिलं.

प्रेमिला


१५ जानेवारी १९७८

सिंधूवहिनी,

हे पत्र पोस्टानं येत नाही. आई घेऊन येते आहे.

दादा यायला निघाला होता, आईनं त्याला थांबवलं. धाडलं म्या, आनीनबी मीच, म्हणाली. त्यानं रजा टाकली आहे आणि तो मेडिकलच्या दारात उभा राहणार आहे. आजची बस चुकली तर उद्या, उद्याची चुकली तर परवा. सुजाताच्या फितीवर काय दिसेल हे मला अंदाजानं माहीत आहे, तुम्हालाही असेल. तरी पाहू. ते पाहिल्याशिवाय तिला जपता येणार नाही. नंतर कुठे राहायचं, घरी यायचं की पारशिवनीला परतायचं, हे तुम्ही ठरवा. तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही, मी उंबऱ्यावर पहारा देत बसेन.

आईनं तिची आणि दादाची फीत माझ्याकडून मागून घेतली. पदराला गाठ मारून आणते आहे. तिला अक्षर वाचता येत नाही, पण एवढं तिला वाचता येतं. ती तुम्हाला दाखवेल. कदाचित उलटी धरेल. उलटी धरली तरी रेघा दोनच आहेत.

माफी मागणं तिला जमत नाही, कधी जमलंच नाही. निघताना मी विचारलं, पत्रात तुझ्याकडून काय लिहू? चप्पल घालता घालता बराच विचार केला तिनं. मग म्हणाली, “लिही का अंजनाबाई आंगनात उभी हाये. तू आत ये म्हनल्याबिगर थे उंबरठा वलांडत नाही.”

म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ती समोर उभी आहे. ऊन असलं तर निदान सावलीत घ्या.

तुमची,
प्रेमिला